फाटक

यादीत नाव आलं तेव्हा पेढे मीच वाटले,
गल्लीच्या तोंडापासून थेट उमरग्याच्या स्टँडपर्यंत.
निळी टोपी घालायची, म्हणाले हे,
आणि गोळी चालवायची नाही.
मी एवढंच ऐकलं, गोळी चालवायची नाही,
आणि कुपवाड्याच्या तीन वर्षांनंतर
पहिल्यांदा डोळा लागला.

फोन यायचा रविवारी, तुटत तुटत.
इथं पण काळीच माती गं,
पाऊस झाला की बुटाला धरते आपल्यासारखी,
ज्वारी पण आहे, फक्त कणीस तांबडं.
पाण्याला मोयो म्हणतात.
लेकीनं तो शब्द घरात आणला.
आई, मोयो दे. आम्ही हसायचो.

डॉलरचे रुपये होऊन आले.
त्यात स्लॅब पडला, संडास झाला,
चारशे वीस फुटांवर बोअरला पाणी लागलं.
मोटारीला हळदकुंकू मी वाहिलं.

मग हे आले. मेडल, निळी फीत,
अंगातलं नऊ किलो वजन तिकडंच.
सरळ काही सांगितलं नाही.
मीच गोळा केलं, सुपातले खडे वेचावेत तसं,
एकदा तापात, एकदा मळणीयंत्राच्या आवाजात,
एकदा क्रिकेटची मॅच चालू असताना, मधेच.

फाटक होतं. जाळीचं, चाकावर सरकणारं.
मागं गाव पेटलेलं, त्यातली माणसं आली,
दोनशे का चारशे, उजेड एकाकडंही नाही.
आत घ्यायला कागद लागायचा.
यांनी वरच्याला विचारलं, त्यानं त्याच्या वरच्याला,
त्यानं कुठल्या तरी शहरात झोपलेल्याला उठवलं.
शब्द तपासले गेले. धोका म्हणजे किती धोका.
तेवढ्यात एका बाईनं जाळीतून बोटं घातली.
मोयो, म्हणाली.
यांनी बाटली ढकलली, ती अडकली.
जाळीचं भोक लहान.

चार वाजून वीस मिनिटांनी कागद आला.
फाटक यांनीच उघडलं.

पुढचं मला माहीत नाही.
कधी म्हणतात तर एवढंच,
फाटक हलकं होतं गं,
एका हातानं सरकलं.

आता ज्युनिअर कॉलेजच्या गेटवर असतात.
दहा-पाचला गेट बंद, प्राचार्यांचा नियम.
हे करत नाहीत. तुरोरीची, गुंजोटीची,
एसटी चुकलेली पोरं साडेदहापर्यंत आत येतात.
दोन मेमो आलेत.
मेडलच्या डब्यात घडी करून ठेवलेत, मेडलच्या खाली.

रात्री उठून दाराची कडी काढतात.
एकदा शेजाऱ्याच्या शेळ्या शिरल्या,
लेकीची भूगोलाची वही खाऊन गेल्या.
मी बोलले, लई बोलले,
पोरगी वयात आली, दार सताड टाकून झोपायचं का?
यांनी खाट उचलली, उंबऱ्याशी आडवी टाकली.
तेव्हापासून ती तिथंच. कडी उघडीच.

सव्वीस जानेवारीला शाल देतात,
माईकवरून विश्वशांतीचे दूत म्हणतात.
एका पोरानं विचारलं, काका, शांतता कशी राखायची?
उभं राहून, म्हणाले हे.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका हंडे घेऊन येतात.
आमचं बोअर आटत नाही.
मी मोटार लावते, नळी या हंड्यातून त्या हंड्यात फिरवते,
कुणाला काही विचारत नाही.
लेक तो शब्द आता म्हणत नाही.
माझ्या तोंडात येतो कधी, मी गिळते.

पण रात्री दोनला,
अशी दोनशे का चारशे माणसं गल्लीत आली असती,
कुणाची कोण ते माहीत नसताना,
तर कडी काढली असती का मी,
हे त्या स्लॅबखाली आडवं पडून
अजून मला
सांगता येत नाही.